स्टिअरिंग आणि शमीमभाभींचा डावा हात

पांढरकवड्यात बब्बूभाईंच्या गॅरेजमधून गाडी बाहेर काढायची, तर ती नुसती दुरुस्त होऊन भागत नाही. गॅरेजच्या मागेच त्यांचं घर. काम आटोपलं की ते मागच्या दाराकडे तोंड करून हाक मारतात, आणि शमीमभाभी ओढणीला हात पुसत बाहेर येतात. ड्रायव्हरच्या जागी बसून डाव्या हातानं स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात. मागे त्यांना लकवा मारून गेला, तेव्हापासून तो हात कमजोर आहे. त्या हाताला स्टिअरिंग हलकं लागलं, तरच मालकाला किल्ली मिळते. हैदराबादकडे निघालेले धिप्पाड ट्रकवाले, भाभींची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत मुकाट उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

कुणी हसलंच, तर बब्बूभाई त्याला आपादमस्तक न्याहाळतात. "पहेलवानाले सारंच हलकं लागते. ज्याच्या हातात जोर नाही, त्याले इचारा."

त्यांचं दुसरं वेड म्हणजे गिऱ्हाइकाला घाबरवणं. "भेव पायजे, भाऊ," हे त्यांचं पालुपद. टायर जरा गुळगुळीत दिसला की तो कुठल्या वळणावर फुटेल, गाडी किती कोलांट्या घेईल, कोण कुठल्या खिडकीतून बाहेर पडेल, हे सगळं ते मालकाच्या बायकोसमोर रंगवून सांगतात. त्यांच्याकडे ऑइल बदलायला गेलेला माणूस घरी येऊन आधी विम्याचे कागद शोधतो.

मी तर मुळातच भित्रा. कृषी केंद्र चालवतो, आणि फवारणीच्या औषधाची सीलबंद बाटली देतानाही हातमोजे घालतो. अशा माणसानं सेकंडहँड एसयूव्ही घ्यायला नको होती. पण बायकोच्या मनात भरली आणि आमच्या दारात आली. काही महिने गुण्यागोविंदानं गेले. मग स्टिअरिंग जड होऊ लागलं. मी म्हटलं, मोठी गाडी आहे, असेल. एके दुपारी केळापूरहून परत येताना वळणावर ते आखडलंच. समोरून ट्रक. मागे बायको आणि लेक. दोन्ही हातांनी लोंबकळल्यासारखं ओढलं तेव्हा कुठे गाडी वळली. ट्रक इतक्या जवळून गेला की त्याच्या गरम हवेचा झोत माझ्या कानाला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बब्बूभाईंकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी मला घाम फुटला होता का, हात किती वेळ कापत होते, याची चौकशी केली. मी सगळं खरं सांगितल्यावर खूश झाले. "मंग ठीक हाय. भेव असलं की माणूस वापस येते."

मग तपासणी सुरू झाली. चाकांतली हवा पाहिली. स्टिअरिंगच्या तेलात बोट बुडवून हुंगलं. पट्टा अंगठ्यानं दाबला. इंजिन चालू करून पंपाला कान लावला. सगळं ठीक निघत होतं आणि त्यांचा चेहरा उतरत चालला होता. शेवटी जॅक लावून पुढची दोन्ही चाकं अधांतरी केली आणि स्टिअरिंग फिरवलं. तरी जडच. त्यांचे डोळे चमकले. जमिनीचा भार काढूनही जड, म्हणजे पंपाचा दोष नाही, कुठंतरी सांधा धरलाय. ड्रायव्हरच्या पायांपाशी वाकून त्यांनी स्टिअरिंगच्या दांड्याच्या खालच्या सांध्यातला क्रॉस दाखवला. पाणी जाऊन गंजला होता. दुपारपर्यंत नवीन बसला, गाडी खाली उतरली, आणि बब्बूभाईंनी हाक मारली.

भाभी आल्या. त्या दिवशी त्यांनी डावा हात उजव्या हातानं उचलून स्टिअरिंगवर ठेवला. इंजिन चालू होतं. स्टिअरिंग हललं नाही.

"जड हाय," त्या हळूच म्हणाल्या.

बब्बूभाई पुन्हा कामाला लागले. क्रॉस सैल करून परत कसला. तेल बदललं, त्यातली हवा काढली. भाभींना पुन्हा बसवलं, आणि पुन्हा तेच. मग ते गाडीखाली शिरले आणि जे धड होतं तेही खोलायला पाना शोधू लागले.

इंजिन अजून चालूच होतं. ताटकळून मी सहज आत बसलो आणि स्टिअरिंगला हात लावला. दोन बोटांनी ते लोण्यासारखं फिरलं. मला इतका आनंद झाला की मी हसून भाभींकडे पाहिलं. त्या घराच्या दारात उभ्या होत्या, डावं मनगट उजव्या हातात घट्ट धरून. मी स्टिअरिंगवरची बोटं काढून घेतली.

खालून आवाज आला, "भाऊ, जड हाय ना?"

हो म्हणावं असं फार वाटलं. पण भाभींचं मनगट डोळ्यांपुढून हलेना.

"बब्बूभाई, गाडी बरी झाली."

खाली पाना पडला. ते सरपटत बाहेर आले. फडक्यानं एकेक बोट पुसत राहिले, माझ्याकडे बघेनात.

"कालपासून गिलास सुटून राह्यला तिच्या हातातून," ते म्हणाले. "मी म्हटलं, गाडीतच असन काही." मग फडकं बाजूला ठेवून म्हणाले, "पहिले तर ह्यो हात उचलतच नव्हता, भाऊ. एकेक गाडीवर फिरवत फिरवत आणला म्या त्याले."

गावाला वाटायचं, भाभी गाड्या तपासतात. हा माणूस रोज जीव मुठीत धरून भाभींचा हात तपासत होता, आणि हलकं आहे असं त्यांच्या तोंडून ऐकलं की त्याचा तो दिवस निभायचा.

मी म्हणालो, चला, आत्ताच यवतमाळला दवाखान्यात जाऊ, याच गाडीनं. त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. भाभींनी पास न केलेल्या गाडीची किल्ली त्यांनी दिल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही.

दोघं मागे बसले. मी एरवी कधी हाकत नाही इतक्या जोरात हाकत होतो, एका ट्रकला ओलांडूनही गेलो. बब्बूभाईंनी भेवाचं नाव काढलं नाही. त्यांनी आपला अंगठा भाभींच्या डाव्या तळव्यात ठेवला होता.

"दबाओ जरा, शमीम," ते म्हणत होते. "दबाओ."

मी आरशात पाहिलं. दुसऱ्या हातानं ते भाभींची बोटं एकेक करून आपल्या अंगठ्यावर मिटवत होते. मिटवून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

"जोर हाय, भाऊ."

"हाय ना," मी म्हणालो.

स्टिअरिंग अगदी हलकं चालत होतं, आणि मला केळापूरच्या वळणावरही इतकं भेव वाटलं नव्हतं.