भिंगाचा प्रश्न आणि चारशे बारा व्हिडिओ

ज्ञान मिळवण्यापेक्षा ते दुसऱ्याला सुचवणं हे जास्त थोर काम आहे. मिळवायला डोकं लागतं. सुचवायला अंगठा पुरतो.

आमची घाटकोपरची सोसायटी पवई आणि ट्रॉम्बे यांच्या मधोमध आहे. एकीकडे इंजिनिअर घडतात, दुसरीकडे अणूवर संशोधन चालतं. त्यामुळे विज्ञान आमच्या हवेतच आहे, असं अध्यक्ष धोंडिरामभाऊंचं मत आहे. (हवेत आणखीही पुष्कळ आहे, पण तो विषय वेगळा.)

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वरदाला दहावीच्या पूर्वपरीक्षेत विज्ञानात चाळीसपैकी अकरा मिळाले. तिची आई प्रेमा म्हणाली, "बोर्डात असंच केलंस तर कॉलेज विसर. मामाच्या दुकानात बसायचं." पोरगी घाबरली. तिने सोसायटीच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: बहिर्वक्र भिंग पाण्यात बुडवलं, तर त्याचं नाभीय अंतर, म्हणजे उन्हाचा ठिपका जमतो ते अंतर, वाढतं की कमी होतं?

उत्तरादाखल चारशे बारा व्हिडिओ आले. तीनशे भौतिकशास्त्राचे, नव्वद 'शास्त्रज्ञही थक्क' या जातीचे, एकवीस हळदीच्या गुणांचे आणि एक चुकून आलेला बारशाचा. (पूर्ण पाहिला गेला तो हाच.)

एवढं ज्ञान मोकाट सोडणं बरं नव्हे म्हणून शिफारस समिती नेमली. तिचा नियम कडक: ज्याने व्हिडिओ पाहिला आहे, त्याने शिफारस करायची नाही. पाहिलेल्या माणसाचं मत बनलेलं असतं. तो निःपक्षपाती राहत नाही. समितीतल्या सुयोगने एक व्हिडिओ अकरा मिनिटं पाहिल्याचं कबूल केलं. त्याचा राजीनामा घेतला.

सगळे व्हिडिओ मिळून तीनशे दहा तासांचे. पेपरला नऊ दिवस, म्हणजे दोनशे सोळा तास. स्वरदाने ते दुप्पट वेगाने पाहावेत, असा समितीने ठराव केला. झोप, जेवण आणि अभ्यासाला एकसष्ट तास उरले.

"काका, पण यात माझं उत्तर कुठे आहे?" स्वरदाने विचारलं.

"सगळं आहे गं त्यात. आधी बघ तरी!" धोंडिरामभाऊ म्हणाले.

"तुम्ही बघितलंत?"

"मी अध्यक्ष आहे."

पेपरच्या आदल्या दुपारी ती गेटपाशी रडवेली उभी होती. तिथे ट्रॉम्बेची द्रौपदी मासळी विकायला बसते. ती ग्रुपवर नाही. तिने प्रश्न ऐकून घेतला.

"अगं बाय, मंग बुडवून बघ ना! बादली हाय, ऊन हाय. भिंग आन त्या म्हाताऱ्याचं."

माझं पेपर वाचायचं भिंग गेलं. हवेत वीतभर अंतरावर उन्हाचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा झाला. भिंग पाण्यात धरलं, तर बादलीच्या तळापर्यंत जाऊनही तो नीट जमेना.

"अय्या, असं होय!" म्हणून स्वरदा धावत वर गेली. भिंगाला अजून बोंबलाचा वास येतो.

दुसऱ्या दिवशी पेपरात तोच प्रश्न आला. स्वरदा पास झाली. गेटवर फलक लागला: 'शिफारस समितीचे हार्दिक अभिनंदन'. समितीच्या आग्रहाखातर स्वरदाने बादलीचा व्हिडिओही काढून दिला. तो चारशे तेरावा. एकशे त्रेचाळीस जणांनी पुढे पाठवला, पाहिला कुणीच नाही.

अंतर वाढतं की कमी होतं, हे मी वेगळं सांगत नाही. बादलीने सांगितलंच आहे. वाचूनही ज्यांच्या ध्यानात आलं नसेल त्यांनी ओशाळू नये. समितीत सुयोगची जागा अजून रिकामी आहे, आणि तुमची पात्रता सिद्ध झाली आहे.