धुमाळ सरांची देशाला सूचना

आमच्या धुमाळ सरांना डावं-उजवं मान्य नाही. कामशेतच्या टपरीवर चहाला बसले की शेजारच्याला म्हणतात, "बिस्किटं जरा वायव्येला सरकवा." एकदा न्हाव्याला त्यांनी फक्त पूर्वेचे केस कमी करायला सांगितले. त्याने ते केले, उजेडासाठी खुर्ची फिरवली आणि इमानदारीत पुन्हा पूर्वेलाच कात्री चालवली. सर महिनाभर टोपी घालून हिंडले, पण चूक खुर्चीची होती यावर ते आजही ठाम आहेत.

सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी भूगोल शिकवायला मी आले. वर्गात नकाशा कुठे टांगला की त्यावर ऊन येत नाही, इथपासून त्यांनी मला सगळं शिकवलं. त्यांचे माझ्यावर एवढे उपकार आहेत, की त्यांच्या कुठल्याही खुळात मी सामील होते.

मध्यंतरी देशभरातल्या शाळांसाठी भूगोलाच्या नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा निघाला. जनतेने तो वाचून सूचना पाठवाव्यात, असं जाहीर झालं. आम्ही शिक्षकांनी तो मोबाइलवर वरवर चाळला. सरांनी मात्र 'जनतेने' हा शब्द मनावर घेतला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी, रविवारी, ते माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही जनता शोधायला निघालो. वाटेत ते "आता आग्नेयेला घ्या" म्हणत होते आणि मी चुकत होते.

कामशेतच्या तांदळाच्या व्यापाऱ्याला इंद्रायणी तांदळावर अख्खा धडा हवा होता. सरांनी घासाघीस करून त्याला एका परिच्छेदावर आणलं. लोहगडवाडीत पिठलं-भाकरी विकणाऱ्या मावशींनी तव्यावरून नजर न काढता सांगितलं, "गडावर ढग बसला की खाली उतरायचं, येवढं शिकवा शहरातल्या पोरांना. बाकी कायबी न्हाई शिकवलं तरी चालंल." सर म्हणाले, हा तर मसुद्याचा पाया आहे.

सरांची स्वतःची सूचना मात्र अजून बाकी होती. मी विचारलं की "आधी जनता," म्हणून विषय टाळत. मला वाटलं, मुदत टळून जाणार आणि ज्यांनी जन्मभर भूगोल शिकवला, त्यांचंच म्हणणं राहून जाणार.

संध्याकाळी तिकोणा पेठेत देवळाच्या कट्ट्यावर बसलो. समोर पवनेचं धरण दिसत होतं. तिथल्या एका आबांनीच विचारलं, "सर, तुमचं काय?"

सर म्हणाले, माझी सूचना अगदी खाजगी आहे, देशाला तिचा काय उपयोग. मग पाण्याकडे बघत, मी त्यांच्या तोंडून कधीही न ऐकलेल्या बोलीत बोलायला लागले.

"आमी चौथीत व्हतो. गुरुजींनी नवा नकाशा लावला, आन आपापल्या गावावर बोट ठेवा म्हणले. माझं गाव धरणात गेलतं. मी लय मागं जाऊन उभा राह्यलो. गुरुजी तितं आले. माझं बोट धरलं, फुडं नेलं आन निळ्या रंगावर टेकवलं. म्हणले, हे तुझं गाव."

मी मोबाइल काढला आणि काय लिहू विचारलं.

"लिवा, बाई. नकाशा लावल्यावर जे पोर मागं उभं राहील, त्याच्याकडं आधी जावा."

मी ते तसंच, त्यांच्याच बोलीत पाठवून दिलं. देश त्याचं काय करायचं ते करो. सोमवारी मी वर्गात नकाशा टांगला आणि शिकवायला लागण्याआधी शेवटच्या बाकापाशी जाऊन उभी राहिले.