स्मृतीस दहा सेकंद

माकणीच्या शाळेतला कॉम्प्युटर सुरू करणं ही फार सोपी गोष्ट आहे, असं कृष्णराज सरांचं ठाम मत होतं. अवघड असतो तो मेनू! बटण दाबलं की काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी उगवतात, दहा सेकंदांची उलटी मोजणी लागते आणि क्लार्क बाबूराव बॉम्ब सापडल्यासारखे ओरडतात, "सर! पळा! आलं!"

"हा मेनू मी मराठीत करतो," सरांनी जाहीर केलं. "प्रणाली मुक्त आहे. कुणीही उघडावी, बदलावी. यानंतर मशीन चालू करायला मला हाक मारायची गरजच पडणार नाही!"

हे बोलताना सर विसरले, की ते तासावर नेमलेले शिक्षक होते आणि हाक मारायची गरज पडणं एवढंच त्यांचं भांडवल होतं. संस्थेचे अध्यक्ष वीरप्पा यांनी मात्र शब्द दिला, "या मेनूचं उद्घाटन नीट पार पडू द्या. तुम्हाला कायम करतो."

सरांनी एका दुपारी मेनू केला.

१. रोजचं काम
२. बिघाड झाल्यास
३. स्मृती तपासणी
एक निवडा.

झालं. गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण सरांनी तो मंजुरीसाठी बैठकीत ठेवला. मुक्त प्रणाली कुणीही बदलावी, असं तेच म्हणाले होते ना? मग!

"रोजचं काम म्हणजे?" मुख्याध्यापिका राजेश्वरी मॅडमनी चष्मा वर केला. "धुणीभांडी वाटतंय. नित्यकर्म करा."

"मॅडम, नित्यकर्म म्हणजे सकाळचं..."

"तुमच्या मनात घाण आहे, सर."

बाबूरावांना दुसरी ओळ खुपली. "बिघाड? चांगल्या कामात आधीच बिघाड? लग्नपत्रिकेत 'मोडल्यास' असं छापतो का आपण?"

"एक निवडा, ही काय बोलायची पद्धत झाली?" महालिंगप्पा गरजले. हे अध्यक्षांचे चुलते. संस्था काढणारे अध्यक्षांचे वडील, कैलासवासी महांतप्पा आण्णा, यांचे धाकटे भाऊ. आण्णांशी त्यांचं वीस वर्षं पटलं नव्हतं, आणि आण्णा गेल्यामुळं त्यात काही फरक पडलेला नव्हता. "मालकानं गड्याला सांगावं तसं सांगतंय हे मशीन. विनंती करा म्हणावं!"

तेवढ्यात वीरप्पांचं बोट तिसऱ्या ओळीवर थांबलं. त्यांनी भिंतीवरच्या आण्णांच्या फोटोकडं पाहिलं. "स्मृती... आणि ती सगळ्यात खाली?"

"अध्यक्षसाहेब, ती मशीनची स्मृती. मशीनला सगळं नीट आठवतंय का, ते तपासतात."

"मशीनच्या स्मृतीला जागा आहे, आण्णांच्या न्हाय? वर घ्या!"

"पण जी ओळ पहिली, ती दहा सेकंदांनी आपोआप सुरू होते."

"लई चांगलं! कुणी काही न दाबता आधी आण्णा!"

सरांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "नाव वर ठेवू. आपोआप मात्र दुसरी ओळ सुरू करू. ते जमतं."

"म्हणजे आण्णांना ओलांडून?" वीरप्पांनी हळूच विचारलं.

कायम व्हायचं होतं हो माणसाला. त्यानं लिहिलं:

॥ श्री ॥
१. कै. महांतप्पा आण्णा यांच्या पवित्र स्मृतीस
२. आमचे येथे नित्यकर्म
३. काही कमीजास्त झाल्यास
यापैकी एक निवडावे, ही नम्र विनंती.
(दहा सेकंदांत कुणी काही न बोलल्यास पहिला पर्याय मान्य समजण्यात येईल.)

सरांचा बेत साधा होता. पडदा उजळला की गुपचूप खालचा बाण दाबायचा, मग एंटर, नित्यकर्म सुरू, टाळ्या, नेमणूक!

उद्घाटनाला अख्खं गाव लोटलं. मोठा पडदा लावलेला. वीरप्पांनी नारळ फोडला, बटण दाबलं. मेनू आला. सरांचं बोट बाणाकडं निघालं...

"उभे राहा!" वीरप्पांनी हात जोडले. "आण्णांचं नाव आलंय. दोन मिनिटं स्तब्धता!"

सगळे उठले. सरही उठले. माना खाली गेल्या. फक्त सरांची मान वर होती. दहा. नऊ. आठ. बोट वीतभर अंतरावर आणि बाजूला संस्थेचा अध्यक्ष डोळे मिटून! पाच. चार. स्तब्धतेत हललेला माणूस कधी कायम होतो का? दोन. एक.

पडदा निळा झाला. आकडे धावू लागले. कुणीतरी कुजबुजलं, "आण्णांचा पिक्चर हाय व्हय?" लोक सावरून बसले. मशीन जुनं होतं. थोड्याच वेळात लाल अक्षरं उमटली. तीही सरांनीच हौसेनं मराठीत केलेली.

कै. महांतप्पा आण्णा यांच्या पवित्र स्मृतीस
दोष आढळले: ३

मागच्या रांगा वाचायला उठून उभ्या राहिल्या.

दोष आढळले: ७

"बंद करा!" वीरप्पा किंचाळले.

"राहू दे!" महालिंगप्पा खुर्ची पुढं ओढत म्हणाले. "मोजतंय ना अजून? मोजू द्या त्याला. सात कुठं होते!"

"काका!"

"मी काय म्हणतोय? मशीन म्हणतंय!"

सरांनी घाईनं बाहेर पडायची कळ दाबली. मशीननं अदबीनं विचारलं: आण्णांची स्मृती सोडून द्यायची? हो / नाही.

"नाही!" वीरप्पांनी स्वतःच कळ हाणली. मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. महालिंगप्पांनी टाळी वाजवली.

शेवटी बाबूरावांनी वायर उपटली. मशीन पुन्हा लावलं. मेनू आला, लोक पुन्हा उभे राहिले, माना पुन्हा खाली. या खेपेला सरांनी श्रद्धेनं इतकं वाकून नमस्कार केला, की नाक थेट खालच्या बाणावर टेकलं. ओळ सरकली. कपाळ आणखी थोडं पुढं एंटरवर टेकवलं, तसं नित्यकर्म सुरू झालं. टाळ्या!

"काय केलं तुम्ही?" मांडव रिकामा झाल्यावर वीरप्पांनी विचारलं.

"बाण दाबला. रोज दाबावा लागेल. नाहीतर पहिली ओळ काढू."

"आण्णांचं नाव काढायचं? काकांना तेवढंच पाहिजे! बाबूराव, तुम्ही दाबून बघा."

मशीन बंद करून पुन्हा लावलं. बाबूरावांनी चष्मा शोधला, पुसला, लावला. तोवर दोष पाच झाले होते. पुढच्या खेपेला राजेश्वरी मॅडमनी बाण दाबला, तो वरचा. दोष नऊ.

वीरप्पांनी कपाळाला हात लावला. मग कागद मागवला.

कृष्णराज सर कायम झाले. ऑर्डर त्यांनी घरी मोठ्यानं वाचायला घेतली आणि पहिल्याच वाक्यावर आवाज खाली आणला. "शाळेत बसवलेला मेनू अत्यंत सोपा असल्याने," तिथं लिहिलं होतं, "तो वापरण्यासाठी एक पूर्णवेळ माणूस नेमण्यात येत आहे."