ते वाढले

माणूस हा प्राणी पाळणारा एकमेव प्राणी नाही. मुंग्याही मावा ही कीड पाळतात. पाळलेला प्राणी परत आणून देणारा मात्र माणूस एकटाच. (एखाद्या मुंगीने मावा परत केल्याची नोंद अद्याप कुठे आढळलेली नाही.) या वैशिष्ट्याची कदर म्हणून आमच्या गावात सरपटणाऱ्या प्राण्यांचे स्वीकार व दत्तक केंद्र चालवले जाते.

केंद्राला दोन खिडक्या आहेत. डावीकडच्या खिडकीवर सोडपत्र भरून प्राणी देता येतो आणि उजवीकडच्या खिडकीवर दत्तकपत्र भरून नेता येतो. दोन्हींच्या मागे एकच नोंदणीबाई बसतात. त्यांची खुर्ची चाकांची आहे.

सोडपत्रात सगळ्यात महत्त्वाचा रकाना कारणाचा. पहिल्या दोनशे बारा प्राण्यांची कारणे अशी: 'वाढले' एकशे एकतीस, 'मुलाचा नाद सुटला' चाळीस, 'घर बदलले' बावीस, 'काय खाते ते नंतर कळले' चौदा, 'चावले' चार (पैकी तिघांनी बोट आधी पुढे केले होते) आणि 'आम्हाला हवे होते ते हे नव्हे' एक. पहिले कारण सर्वांत शास्त्रशुद्ध आहे. अंड्यातून बाहेर आलेला जीव पुढे मोठा होतो, ही माहिती सुशिक्षित घरांतही साधारण तिसऱ्या वर्षी पोहोचते.

सोडपत्राच्या तळाशी एक सूचना आहे: 'मजकूर लेखी भाषेत व भूतकाळात लिहावा.' वर्तमानकाळात लिहायला लागले की लोक रडतात आणि कागद ओला होतो, म्हणून ती घालावी लागली. तिच्यामुळे नऊ वर्षांत एकही अडचण आली नाही. मग एका शनिवारी दोनशे तेरावे प्रकरण आले.

प्रकरण मोटारीच्या मागच्या सीटवर पट्टा लावून बसले होते. ते वाळवंटी जातीचे कासव होते. नातवाच्या वाढदिवसाला आणले तेव्हा ते तळहातावर मावत होते आणि 'एवढेच राहते' असे दुकानदाराने सांगितले होते. आता त्याला उचलायला दोन माणसे लागत. पाठीवरून त्याला 'टोपण' हे टोपणनाव पडले होते. नातवाचा नाद दुसऱ्याच महिन्यात सुटला आणि टोपण आजोबांकडे आले. आजोबांनी चाळीस वर्षे घड्याळे दुरुस्त केली होती, त्यामुळे हळू चालणाऱ्या वस्तूंबद्दल त्यांची तक्रार नव्हती. सकाळी दोघे बाल्कनीत बसत. टोपण गवत खाई, आजोबा पेपर वाचून दाखवत. टोपण गेले तर सकाळी करायचे काय, हा प्रश्न त्यांनी घरात दोनदा विचारला होता. दोन्ही वेळा त्यांना मोबाइल शिकून घ्यायला सांगण्यात आले.

आजोबांच्या मुलाने सोडपत्र उभ्याउभ्या भरले; सूनबाई आणि आजोबा मागे उभे होते. कारणांच्या रकान्यात त्याने लिहिले:

'ते वाढले. ते फार हळू झाले. ते एका जेवणाला दीड तास घेऊ लागले. ते पाहुण्यांसमोर मध्येच येऊन बसले. ते कुणाचे ऐकेनासे झाले.'

नोंदणीबाईंनी हे दोनदा वाचले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचले.

"ते म्हणजे कोण?"

"ते म्हणजे ते. लिहिलंय की," मुलगा फोनवरून नजर न काढता म्हणाला.

"हो, पण कासव की वडील?"

इथे थोडे व्याकरण आवश्यक आहे. कासवही 'ते' आणि वडीलही 'ते'. बोलताना कासव हळू 'झालं' आणि वडील हळू 'झाले', असा फरक कानाला कळतो. लेखी भाषेत दोघेही 'झाले'च होतात. भूतकाळात आदर आणि नपुंसकलिंग यांत भेद करता येत नाही.

"काहीतरीच काय!" सूनबाई म्हणाल्या. "दीड तास जेवायला कासव कशाला घेईल?"

"तेच विचारतेय मी."

"तो मला लागतो," आजोबा मागून म्हणाले. "टोपणचं वीस मिनिटांत उरकतं. ऐकेनासा पण मीच झालोय, डावा कान गेला. वाढलंय मात्र ते."

"बाबा, तुम्ही गाडीत बसा बरं."

"गाडीत टोपण आहे तोवर बसतोच."

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंना बोलावण्यात आले. त्यांनी नियम चार वाचून दाखवला: वर्णनाविषयी शंका असल्यास वर्णन ज्यांना ज्यांना लागू पडते त्या सर्वांचा स्वीकार करावा. नियम अकरा असा: एकत्र राहिलेली जोडी तोडू नये. (हा पालींच्या एका जोडीमुळे करावा लागला. एकीला नेले, तर दुसरीने खाणे सोडले.)

"अहो, जे काय असेल ते घ्या आणि शिक्का मारा," मुलगा म्हणाला. "मला पुढे मीटिंग आहे."

सहीच्या वर 'वरील वर्णनाचे सर्व' असे छापलेले होते. त्याने सही केली. 'सोडल्या जाणाऱ्याची संमती' या रकान्यात नेहमी 'लागू नाही' असे लिहितात. नोंदणीबाईंनी प्रथमच विचारले.

"टोपण इथे राहणार ना? मग मला चालेल," आजोबा म्हणाले.

"बसू दे त्यांना, संध्याकाळी कंटाळून फोन करतील," असे म्हणून सूनबाईही गाडीत बसल्या.

अशा रीतीने २१३-अ आणि २१३-आ दाखल झाले. दोघांची वजने झाली. टोपणचे मागचे वजन आजोबांना ग्रॅमपर्यंत तोंडपाठ होते. आजोबांचे मागचे वजन फोन करून मुलाला विचारले, तर तो "साधारण माणसाइतकं" म्हणाला. रखवालदाराची रिकामी खोली आजोबांना मिळाली. केंद्राच्या पद्धतीप्रमाणे तिची एक बाजू उबदार आणि एक गार ठेवण्यात आली, म्हणजे ज्याला जे सोसेल तिकडे त्याने सरकावे. रोज सकाळी नऊला नोंदणीबाई वही घेऊन येत आणि काय खाल्ले, किती खाल्ले, झोप कशी झाली, असे विचारत. टोपणची नोंद एका ओळीत होई. आजोबांना पहिल्या दिवशी चाळीस मिनिटे लागली. त्यांना हे प्रश्न बऱ्याच दिवसांत कुणी विचारले नव्हते, त्यामुळे थकबाकी साचली होती.

संध्याकाळी फोन आला नाही. पाचव्या दिवशी मुलगा आला.

"बाबांना न्यायला आलोय. कासव राहू दे."

नोंदणीबाईंनी खुर्ची उजव्या खिडकीकडे सरकवली. "दत्तकपत्र भरा. जोडी आहे, दोघांना न्यावं लागेल. आणि घराची तपासणी होईल."

"माझ्या बापाला दत्तक घ्यायला तपासणी?"

"सोडताना तपासत नाही आम्ही. नेताना तपासतो."

तपासणीत चौदा प्रश्न असतात आणि उत्तीर्ण व्हायला दहा लागतात. घराला पाच मिळाले. ऊन येणाऱ्या जागी पाचच दिवसांत चपलांचे कपाट आले होते. आजोबांच्या खोलीत व्यायामाची सायकल आली होती (एकूण धाव शून्य किलोमीटर). 'रोजची हाताळणी: किमान दहा मिनिटे' यावर मुलगा अडला.

"हाताळणी म्हणजे?"

"जवळ बसायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. ते करतात त्यांचं त्यांचं."

"रोज?"

दुसऱ्या तपासणीत आठ मिळाले. तिसऱ्या वेळी कपाट हलले, सायकल विकली गेली आणि सूनबाईंनी टोपणसाठी बाल्कनीत गवताचे दोन ट्रे लावले. दहा भरले. सगळे गाडी घेऊन आले. टोपणला पट्टा लावून झाला. आजोबा खोलीच्या दारात पिशवी घेऊन उभे होते.

"चला, बाबा."

"येतोच रे," आजोबा म्हणाले आणि नोंदणीबाईंकडे वळले. "बुधवारी वजन असतं ना? तेवढं करून गेलो तर चालेल का?"

नियमात तशी सोय नव्हती. बुधवारपर्यंत तिचा मसुदा करण्यात आला. बुधवारी आजोबांचे वजन सव्वा किलोने वाढलेले निघाले. 'ते वाढले' हा शेरा चांगल्या अर्थाने लिहिण्याची केंद्राची ही पहिलीच वेळ. त्यानंतर मुलाने दोघांची पोच देऊन त्यांना घरी नेले.

वाचकांनी काळजी करू नये. ही तपासणी फक्त दत्तक नेणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी 'ते' आधीपासूनच आहेत, त्यांच्याकडे केंद्राचे कुणी येत नाही. तरी हौस म्हणून चौदापैकी फक्त नववा प्रश्न सोडवून पाहायला हरकत नाही: 'ते आज काय जेवले?' आतल्या खोलीत जाऊन विचारून आल्यास उत्तर बाद धरले जाईल.