खास बायकांचं मेटल

एका जंगलात, बाळांनो, मेटल नावाच्या दणदणीत संगीताची साथ आली. ताप नाही, खोकला नाही, नुसत्या माना हलू लागल्या. अस्वलांनी गिटारी घेतल्या, साळिंदरं ड्रम बडवू लागली आणि जो तो बँड काढून अल्बम करू लागला.

हे अल्बम विकायचा मोतीशेठ नावाचा उदमांजर. करंजाच्या ढोलीत त्याचं ऐसपैस दुकान. गिऱ्हाईक आलं की तो आधी बसायला पान सरकवी, घरची खुशाली विचारी, मग माल दाखवी. पूर्वी तो मध विकायचा. आपला माल आपण चाखायचा नाही, हा त्याचा तेव्हापासूनचा नेम. चाखत बसलं तर विकायला काय उरणार? अल्बम ऐकल्यानं कमी होत नाही, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून त्यानं आजवर एकही ऐकला नव्हता.

पाट्या मात्र झकास रंगवायचा. ‘भारी मेटल’, ‘सुरेल मेटल’, ‘प्रोग्रेसिव्ह मेटल’ अशा तीन फळ्या. बँडवाला आला की विचारायचा, “काय वाजवता?” आणि सांगेल त्या फळीवर अल्बम ठेवायचा.

कोपऱ्यात चौथी फळी होती. तिला जाईची माळ. वर पाटी: ‘खास बायकांचं मेटल’. गाणारी बाई असली की मोतीशेठ काही विचारत नसे. विचारायचं काय त्यात? दिसतच होतं.

एके दिवशी मंजुळा भेकर दुकानात आली. चण एवढीशी, पाय काडीसारखे. पण ओरडली की टेकडीपलीकडची माकडं झाडावरून खाली पडत.

“शेठ, माझा अल्बम ‘भारी’च्या फळीवर ठेवा.”

“अगं, तुला खास जागा दिलीय! माळ बघ, रोज ताजी असते.”

“माझ्या शेजारी कोण आहे?”

“बुलबुलताई. फार गोड गाते म्हणतात.”

“आणि पलीकडे?”

“सुतारपक्षीण. तिचा ताल म्हणे सारखा बदलतो. ऐकणाऱ्याची मान एकीकडे, पाय दुसरीकडे.”

“मग आम्हा तिघींच्या गाण्यात सारखं काय आहे?”

मोतीशेठला तिची कीव आली. “तिघी बायका आहात, मंजुळा,” तो हळूच म्हणाला.

तेवढ्यात लांडोर तणतणत आली. “मोतीशेठ, पिल्लांना झोपवायला या फळीवरचा अल्बम नेला. बुलबुलताईशेजारचाच. तीन पिल्लं घरट्यात उभी राहून माना हलवतायत. चौथ्यानं अंड्यातच सुरुवात केलीय!”

“तो माझा,” मंजुळा म्हणाली.

लांडोर गेल्यावर ती खाली बसली. “शेठ, परवा दाजीबा गवा येणार. पठारावरच्या जलशाला तो ‘भारी’च्या फळीवरूनच बँड उचलतो. यंदाही आमचं नाव लागलं नाही, तर आमचं अस्वल गिटार टाकून मध काढायला जाणार आहे. मग बँड संपला.”

मोतीशेठला वाईट वाटलं. पण लावलेली फळी मोडायची म्हणजे दुकानदाराच्या जिवावर येतं. तो कोपऱ्यातली माळ नीट करू लागला.

मंजुळा उठली. दारातून वळून म्हणाली, “तसे लोक बोलतातच हो. मोतीशेठ बायकांचे फार लाड करतो. पुरुषांना मेली एक माळ नाही.”

“कोण बोलतं?”

“जाऊ दे. मी कशाला नावं घेऊ?”

मोतीशेठचं पित्त खवळलं. आपण आणि पक्षपात? त्यानं तीनही पाट्या उतरवल्या, पुरुषांचा सगळा माल एका रांगेत लावला, वर गुलाबी अक्षरांत लिहिलं: ‘खास पुरुषांचं मेटल’. आणि जाईची मोठी माळ सोडली.

ठरल्या दिवशी दाजीबा गवा आला. “मोत्या, भारी माल काढ.”

“ही काय अख्खी भिंत. सगळे पुरुषच आहेत, दाजीबा. डोळे मिटून घ्या.”

गव्यानं पहिला लावला. तितराचं विरहगीत निघालं. दुसरा कासवअण्णांचा प्रोग्रेसिव्ह अल्बम. गाणं पुढं सरकत होतं म्हणतात, पण दिसत नव्हतं.

“अरे, काय खिचडी केलीयस? पुरुष आहेत म्हणून सगळे सारखे का?”

बाहेर गलका झाला. रंगराव रानडुक्कर सगळ्यांत पुढे. “मोतीशेठ! गुरगुरून गुरगुरून घशाला घट्टे पडले माझ्या, आणि तू मला तितराशेजारी बसवतोस? माळ घालून?”

“मलाही हा शेजार नको,” तितर म्हणालं.

“आमची काही कला आहे की नाही?” कासवअण्णा दारातून म्हणाले. ते परवाच निघाले होते, दुसऱ्याच तक्रारीसाठी.

मोतीशेठ घामाघूम. त्यानं मंजुळेकडे पाहिलं. ती कधीच येऊन कोपऱ्यात पाला चघळत बसली होती.

“ऐकून लावा की,” ती म्हणाली.

मग मोतीशेठनं जन्माचा नेम मोडला. वेष्टण दिसू नये म्हणून पाठ फिरवून तो बसला आणि रंगराव हाताला येईल तो अल्बम लावू लागला. सहाव्या अल्बमला ढोलीतली धूळ उडाली. गवा ताडकन उभा राहिला.

“हाच! हा जलशाला पाहिजे. कुणाचा घसा हा?”

“माझाच असणार,” रंगरावनं मान लववली.

मोतीशेठनं वेष्टण उलटून पाहिलं. कोपऱ्यातल्या फळीवरचं होतं. “मंजुळा भेकर,” तो पुटपुटला.

गव्यानं खाली पाहिलं, मग आणखी खाली पाहिलं. “ही? म्हणून दाखव बरं.”

मंजुळेनं पाला गिळला आणि एकदाच ओरडली. दाजीबा दोन पावलं मागे सरला, तो थेट कासवअण्णांवर बसला. जलशाचं नक्की झालं.

मोतीशेठ आता सगळं ऐकून लावतो. ही युक्ती आपल्याला लहानपणीच सुचली होती, असं गिऱ्हाइकांना सांगतो. मंजुळा ते ऐकून हसते आणि पाला चघळते.

तात्पर्य: वरवरच्या रूपावर जाऊ नये, हे तुम्हाला शाळेत सांगतीलच. इथे शिकायचं ते एवढंच: आपल्यावरचा अन्याय दूर करा म्हणून विनवण्या करत बसू नये. तो सगळ्यांना सारखा वाटून द्यावा, वर माळ घालावी. दूर करायला लोक आपणहून धावत येतात.