कानातला कापूस

आमच्या गावचा सोनबाभाऊ दिवसभर कानात कापूस कोंबून फिरे. सर्दी नाही, ठणका नाही. कोणी विचारलं तर म्हणे, "दिवसा आयकासारखं हाये काय? बायांचं बोरिंगवरचं भांडण आन् पुढाऱ्याचा भोंगा. रातच्यासाठी कान जपून ठेवतो मी." त्याच्याशी बोलायचं तर ओरडावं लागे. ओरडलं की त्याला राग. "कापूस हाये बे, बहिरा नाई मी."

सिंदेवाहीकडच्या जंगलात वणव्यावर पाळत ठेवण्यात त्याचा जन्म गेला. कोणतं पाखरू कसं बोललं, त्यावरून वाघ कोणत्या नाल्यात आहे ते सांगायचा. मी दुसरी शिकलेला माणूस. मला कोंबडा तेवढा ओळखू येई.

त्या साली गावात विजेचे खांब आले आणि माझी बायको पार्वता गेली. मोहफुलाच्या दिवसांत आमच्याकडे रात्री झाडाखालीच झोपतात, नाही तर पहाटे पडलेली फुलं अस्वलं खाऊन जातात. दरसाल आम्ही दोघं जायचो. त्या साली मी एकटाच. बाजूचं झाड सोनबाभाऊचं. पहिल्याच रात्री तो आला आणि माझा कंदील फुंकून टाकला.

"काऊन भाऊ? अस्वल आलं म्हंजे?" मी ओरडलो.

"अस्वल घोरत येते, आयकू येईन तुले. बिडी विझव. चपला काढ. आता डोरे मिट."

मग कानातला कापूस काढून त्यानं कमरेच्या चंचीत ठेवला, आणि माझी परीक्षा सुरू. "सांग, कोन बोलून राह्यलं? मोठ्यानं नको, पाखरं उठतीन. माह्या कानात सांग."

आधी मला माझंच खोकणं ऐकू आलं. मग फूल पडल्याचं टप्प. मग ते पाल्यावर पडलं की मातीवर, तेही कळू लागलं. आठ दिवसांत रातवा ओळखू लागलो. जीभ टाळूला लावून टकटक करावं तसा बोलतो तो. पिंगळे म्हणजे दोन जावा भांडतात. मी अडखळलो की सोनबाभाऊ म्हणे, "कान धुवून ये." घरी मला झोप नव्हती. इथं निदान कोणी रागवत तरी होतं.

एका रात्री टिटवी आली. तळ्याकडून आली आणि डोक्यावर ओरडत फिरू लागली. पार्वता गेली त्या रात्री टिटवी अशीच ओरडली होती. माझ्या तोंडातून त्या पाखराचं नाव निघेना.

"सांग ना, कोन?"

"रातवा," मी म्हणालो.

वाटलं, आता बसतात शिव्या. सोनबाभाऊनं माझ्या मांडीवर थाप मारली. "बरोबर. शिकला तू."

टिटवी अजून ओरडतच होती. मी डोळे उघडले. सोनबाभाऊ कापूस काढलेला कान माझ्याकडे करून बसला होता, पंगतीत वाढप्याची वाट बघणाऱ्या लेकरासारखा.

मी त्याच्या कानाला तोंड लावलं. "चुकलो भाऊ. टिटवी हाये. एकटीच हाये. तळ्याकडून आली, आपल्याच डोक्यावर फिरून राह्यली."

त्यानं कान आणखी जवळ आणला. मग म्हणाला, "कशी बोलून राह्यली?"

जिचं नाव घेववत नव्हतं, तिच्यासारखं मी त्याच्या कानात ओरडून दाखवलं. एकदा झाल्यावर तो म्हणाला, "अजून."

उजाडलं. बाया टोपल्या घेऊन येताना दिसल्या. त्याची चंची माझ्याजवळच पडली होती. मी कापूस काढून त्याच्या हातावर ठेवला.

"घाल भाऊ," म्हटलं, "गाव उठलं."