मांजर चोर की चांगलं?

"बिनशब्दांचं पुस्तक वाचून दाखवायला मला चष्मासुद्धा लागत नाही!" असं मी घरात जाहीर केलं. आमची बायको जोकबेद माशांना मसाला लावत होती. तिनं नुसतं वर पाहिलं.

गरज मलाच होती. मुलगा नोम इस्रायलहून सुट्टीला पनवेलला आला होता, सोबत चार वर्षांची ओर्ली. तिला हिब्रू येतं; आम्ही इथले ज्यू, मला ते फक्त प्रार्थनेपुरतं. तिच्याकडे मराठीचे चार-दोन शब्द. त्यामुळे नात आल्यापासून माझ्याजवळ फिरकत नव्हती. आजीकडे निदान खाऊ तरी होता. म्हणून मी बाजारातून हे पुस्तक आणलं. सगळी चित्रं, अक्षर एक नाही. भाषेची कटकटच मिटली!

ओर्ली हातभर लांब बसली. मी पहिलं पान उघडलं. कोळीण आणि भरलेली टोपली. मग मांजर मासा उचलतं, कोळीण हात उगारून मागे धावते, शेवटी मांजर माशासकट कौलांवर. "चोर मांजर," मी ठासून सांगितलं.

ओर्लीनं पुस्तक ओढून घेतलं, पालथं केलं आणि मागून सुरुवात केली. "मांजर चांगलं, सबा," ती म्हणाली. सबा म्हणजे आजोबा. मी पुन्हा पुढचं पान काढलं, तिनं मागचं. मी आवाज चढवला, तिनं भोकाड पसरलं.

नोम धावत आला आणि हसायलाच लागला. हिब्रू उजवीकडून वाचतात, तिची सगळी पुस्तकं तिकडूनच उघडतात. प्रार्थनेचं पुस्तक मीही जन्मभर तसंच उघडत आलोय, पण हे काही डोक्यात शिरलं नव्हतं!

आता मात्र मला कुतूहल वाटायला लागलं. मी तिच्या बाजूनं पाहू लागलो. मांजर कौलांवरून मासा घेऊन उतरतं, कोळीण शाबासकी द्यायला हात उंचावून मागोमाग येते, मांजर मासा टोपलीत ठेवतं, आणि शेवटी टोपली भरलेली. च्यायला, गोष्ट चपखल बसत होती!

मी मान्य केल्यावर ओर्लीला हुरूप आला. तिनं स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं आणि चाळीतल्या बोक्याला आत घेतलं. शुक्रवार होता, संध्याकाळी सुरू होणाऱ्या शब्बाथच्या, आमच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाच्या, जेवणाचे पापलेट ओट्यावर मुरत होते. बोक्यानं त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि भिंतीवरून पसार झाला. मागोमाग जोकबेद, हात उगारून! तो शाबासकीचा नक्कीच नव्हता.

"बघ, चोर," मी ओर्लीला म्हणालो. वाटलं, आता तरी पोरीला पटेल.

तिनं शांतपणे माझं बोट धरलं, मला मागच्या पायरीवर बसवलं आणि चक्क माझ्या मांडीवर बसली. "आता येणार," ती म्हणाली. "मासा घेऊन."

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्यात जोकबेदनं विचारलं, इथे काय चाललंय.

"बोक्याची वाट बघतोय. पापलेट परत आणणार आहे तो."

"बरं," ती म्हणाली. "मग तुमच्या वाटणीचा तोच."

आतून तळणाचा वास यायला लागला. पोटात कावळे ओरडत होते, पण पोर मांडीवरून हलेना, आणि तिला हलवायची माझी छाती होईना. मी मुकाट्यानं भिंतीकडे बघत बसलो.